मोठ्या साठवणुकीला कोणती बॅटरी? आधी तास सांगा, मग रसायन बोलू

रात्रपाळी

दुसऱ्या एका धाग्यावर मोठ्या साठवणुकीला एलएफपी (लिथियमची लोह-फॉस्फेटवाली बॅटरी) की व्हॅनेडियम की सोडियम हा वाद तीन पानं चालला आणि शेवटी ज्याच्या त्याच्या आवडीवर येऊन थांबला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ग्रिडला जोडलेल्या बॅटऱ्यांची चाचणी आणि देखभाल हे माझं काम. त्यामुळे माझं मत कंटेनरच्या दारात उभं राहून बनलेलं आहे, प्रयोगशाळेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या तीन पानांत एक प्रश्न कुणीच विचारला नाही. किती तासांची साठवण हवी आहे, आणि ती वर्षातून किती वेळा वापरणार?

साउथ ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची होती. पूर्ण जोरात चालवली तर सव्वा तासात रिकामी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लोह-हवा बॅटरीचा (लोखंड हवेने गंजताना वीज देतं, गंज परत लोखंड केला की भरते) जो पथदर्शी प्रकल्प आखला गेला तो दीड मेगावॉट आणि १५० मेगावॉट-तासांचा, म्हणजे शंभर तासांचा. साठवलेली ऊर्जा दोन्हींत जवळपास सारखीच. पण पहिलीचं काम ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरली की डोळ्याचं पातं लवायच्या आत धावून जाणं, आणि दुसरीचं काम चार दिवस वारा पडला तर तग धरणं. यांतली 'चांगली' कोणती ते ठरवणार कसं?

आता माहितीपत्रकांबद्दल. एलएफपी सेलच्या कागदावर कार्यक्षमता (घातलेल्या विजेतली किती परत मिळते ती) ९५ टक्के लिहिलेली असते, आणि ती खोटी नसते. पण तो सेलचा आकडा. इन्व्हर्टरमधून वीज जाताना एकदा आणि येताना एकदा साधारण दोन-दोन टक्के जातात, की उरले ९१. ट्रान्सफॉर्मरही दोनदाच लागतो, उरले ८९. मग कूलिंगचे पंप, पंखे, नियंत्रणाची वीज. ग्रिडच्या मीटरवर ८५-८६ दिसले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१९ चे आकडे काढले तेव्हा मोठ्या बॅटऱ्यांची सरासरी ८२ टक्के आली होती आणि पंप्ड हायड्रोची (पाणी वर चढवून वीज साठवायची पद्धत) ७९. म्हणजे कागदावर वाटतो तेवढा फरक मैदानात राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच: चार तासांपर्यंतच्या, रोज वापरायच्या साठवणुकीत एलएफपीला आज तोड नाही. त्यापलीकडे खरा वाद सुरू होतो. तो इथे घालूया.

नवखी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. मेगावॉट आणि मेगावॉट-तास असे दोन-दोन आकडे का देतात? आणि या गाडीतल्याच बॅटऱ्या ना?

तिरकस

मेगावॉट म्हणजे नळाची तोटी, मेगावॉट-तास म्हणजे टाकी. बातम्यांत बहुतेक वेळा फक्त तोटी सांगतात आणि टाकीबद्दल मौन पाळतात. नुसतं '५०० मेगावॉटची बॅटरी' असं वाचलं की समजावं, लिहिणाऱ्याला तरी कळलेलं नाही किंवा कळू द्यायचं नाही.

बाकी धागाकर्त्यांना एक आठवण. हे सगळं काही काल सुरू झालेलं नाही. कॅलिफोर्नियात चिनो इथे १९८८ साली १० मेगावॉट, ४० मेगावॉट-तासांची बॅटरी ग्रिडला जोडली होती. साध्या शिसे-आम्लाची! अलास्कात फेअरबँक्सला २००३ मध्ये निकेल-कॅडमियमचे १३,७६० सेल ओळीने लावले, २७ मेगावॉट पंधरा मिनिटं मिळावेत म्हणून. तोवर दुसरं जनित्र सुरू होतं. त्या-त्या वेळी त्याच बॅटऱ्या 'उद्याचं तंत्रज्ञान' होत्या.

रात्रपाळी

@नवखी, घराणं तेच, पण गोत्र जरा वेगळं. पल्लेदार गाड्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, म्हणजे एनएमसी, बरीच वापरली जाते, कारण गाडीला वजन भोवतं. जमिनीवर ठेवलेल्या कंटेनरला वजनाचं सोयरसुतक नाही. तिथे लोह-फॉस्फेटची एलएफपी चालते. सेलमागे व्होल्टेज कमी (३.२, एनएमसीचं ३.६-३.७), वजनाच्या मानाने ऊर्जा कमी. पण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या हजारोंनी जास्त झेलते, आणि कोबाल्टही नको, निकेलही नको. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सेल तापला तरी सहजासहजी सुटत नाही. हे द्रव्य संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ साली मांडलं. तेव्हा ते विजेचं इतकं मंदवाहक होतं की कणांवर कार्बनचा लेप चढवेपर्यंत त्याचा फारसा उपयोग नव्हता.

एलएफपीची दुखरी नसही सांगतो, कारण विक्रेते सांगत नाहीत. तिचा व्होल्टेजचा आलेख सपाट असतो. ९० टक्के भरलेली आणि २० टक्के भरलेली यांच्या व्होल्टेजमध्ये फरक जेमतेम दहावा भाग व्होल्ट. म्हणजे आत किती उरलंय हे व्होल्टेज बघून कळत नाही, आतबाहेर गेलेला प्रवाह मोजत बसावं लागतं. आणि मोजणीतली बारीक चूक रोज साठत जाते.

मागच्या महिन्यात रात्री अडीचला एक स्ट्रिंग, म्हणजे सेलची माळ, बंद पडली. एका कंटेनरमध्ये ३१४ अँपिअर-तासांच्या ४१६ सेलची एक माळ, अशा १२ माळा, मिळून ५ मेगावॉट-तास. पडद्यावर त्या माळेचा चार्ज ३१ टक्के दिसत होता. ३१ टक्क्यांवर कुणी बंद पडतं का? पडद्यावरच एकेका सेलचा आकडा पाहिला. ४१५ सेल ३.२ व्होल्टच्या आसपास निवांत, आणि २०७वा सेल २.५ वर. माळेत प्रवाह सगळ्यांतून एकच जातो, त्यामुळे एक रिकामा झाला की बाकीच्यांत कितीही असलं तरी थांबायचं. ती बॅटरी दीड महिना कधी पूर्ण भरलीच नव्हती, कारण वेळापत्रक तिला सतत मधल्या पट्ट्यात खेळवत होतं. वरच्या टोकाला गेली असती तर आलेखाचा चढ लागला असता, मोजणी सुधारली असती आणि सेल समतोलात आणता आले असते. मग ते काम दोन दिवस करत बसलो. समतोलाचा प्रवाह इतका बारीक असतो की घाई करून उपयोग नाही.

पंपचालू

धागा आवडला, पण 'चार तासांपर्यंत तोड नाही' हे वाचून हात शिवशिवले. मी व्हॅनेडियम फ्लो बॅटरीवर काम करते (ऊर्जा टाक्यांतल्या द्रावात साठते, पंप तो द्राव सेलमधून फिरवतात), त्यामुळे पक्षपाती आहेच.

तुमच्या २०७व्या सेलचा आजार आमच्याकडे होतच नाही. धन आणि ऋण बाजूंना एकेक टाकी, आणि सगळ्या सेलना त्याच टाक्यांतला द्राव मिळतो. एक भरलेला आणि एक रिकामा हा प्रकारच नाही. भार काढून एक छोटा सेल द्रावात ठेवला की त्याच्या व्होल्टेजवरून चार्ज सरळ वाचता येतो. मी तर डोळ्यांनीही ओळखते: चार्ज झालेली ऋण बाजू जांभळी, उतरली की हिरवी. धन बाजू चार्ज झाली की पिवळी, उतरली की निळी. जांभळा द्राव बशीत उघडा ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनने कडेपासून हिरवा पडायला लागतो, म्हणून टाकीवर नायट्रोजन ठेवावा लागतो. नवीन मुलांना मी हेच आधी दाखवते, पुस्तक नंतर.

मुख्य मुद्दा असा की तोटी आणि टाकी इथे खरोखरच वेगळ्या आहेत. शक्ती हवी तर स्टॅक (सेलचे गठ्ठे) वाढवा, तास हवे तर फक्त टाक्या. आणि दोन्ही बाजूंना एकच मूलद्रव्य. नासाने १९७० च्या दशकात लोह-क्रोमियम वापरून पाहिलं तेव्हा दोन बाजूंमधल्या पातळ पडद्यातून दोन्ही धातू एकमेकांत मिसळायचे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांच्या गटाने १९८० च्या दशकात दोन्हीकडे व्हॅनेडियमच घेतलं. मग मिसळलं तरी बिघडत नाही, परत समतोल करता येतो. वीस वर्षांनीही तो द्राव तितकाच कामाचा. दालियनला २०२२ मध्ये १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांची जोडलीच की.

बेरीज-वजाबाकी

पंपचालूताई, दालियनवरून एक गणित केलं. लिटरला २५ वॉट-तास धरले तर ४०० मेगावॉट-तासांना १६,००० घनमीटर आम्लयुक्त द्राव. ऑलिम्पिक आकाराचे सहा-सात तलाव! आणि कार्यक्षमता ७० च्या आसपास ना?

पंपचालू

६५ ते ७५ धरा, पंपांची वीज जमेस धरून. हो, जागा लागते. आणि तापमानाची कुरकुरही आहे, लपवत नाही: ४० अंशांच्या वर पिवळ्या बाजूचं व्हॅनेडियम पेंटॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं, १० च्या खाली दुसरे क्षार. एकदा पाइपात साका बसला की पंप उघडून तासायची वेळ येते, अनुभवाने सांगते.

आणि खरी अडचण याहून वेगळी आहे. जगातलं बहुतेक व्हॅनेडियम पोलाद कणखर करायला जातं. पोलादाची मागणी हलली की आमच्या द्रावाची किंमत हलते. आमचा तीळभरही दोष नसताना.

कुंपणावरून

अग्निसुरक्षेचं काम करतो. कार्यक्षमतेवर भांडा खुशाल, पण 'एलएफपी पेटत नाही' असं वाक्य इथे येण्याआधीच अडवतो. एलएफपी उशिरा बिथरते (म्हणजे सेल आपोआप तापत जाऊन आवरेनासा होतो), कमी उष्णता सोडते, हे खरं. पण बिथरली की हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बाहेर टाकते. ज्वाळा नसेल तर तो वायू बंद खोलीत साठतो, आणि ते ज्वाळेपेक्षा वाईट. ॲरिझोनात २०१९ च्या एप्रिलमध्ये मॅकमिकनच्या बॅटरी केंद्रात (ती एनएमसी होती) आग जवळजवळ शमल्यासारखी वाटत होती. जवानांनी दार उघडलं, हवा आत गेली आणि स्फोट झाला. चौघे गंभीर जखमी.

कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला जानेवारी २०२५ मध्ये जे पेटलं ते ३०० मेगावॉटचं युनिट जुन्या टर्बाइनच्या इमारतीत मांडलेलं होतं. तीही एनएमसी. पण माझ्या मते तिथला धडा रसायनाइतकाच मांडणीचा: एकाच छपराखाली सगळं. मोकळ्या जागेत सुटे कंटेनर असते तर एक-दोन जळाले असते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या मोठ्या बॅटरीत जुलै २०२१ मध्ये नेमकं तेच झालं. एका युनिटमध्ये कूलिंगचा द्राव गळला, विजेच्या भागांत ठिणगी पडली, ते युनिट आणि शेजारचं एक जळलं, बाकीचं शाबूत. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या युनिटची देखरेख यंत्रणेशी जोडणी पूर्ण व्हायला २४ तास लागायचे, आणि आग त्याआधीच लागली. धोक्याचा इशारा कुणाच्या पडद्यावर आलाच नाही.

म्हणून बॅटरी घेताना रसायन विचारा, पण कंटेनरमधलं अंतर, वायू बाहेर जायची वाट आणि गॅस सेन्सर हेही विचारा. आग लागली तर सहसा ते युनिट जळू देतात आणि शेजाऱ्यांना गार ठेवतात, याची तयारी ठेवून जागा निवडा. फ्लो बॅटरीचा द्राव पाण्यातला आहे, तो पेटत नाही, हे ताईंच्या बाजूने. आम्ल गळलं तर काय, हे ताईंच्या विरोधात.

तिरकस

सोडियम-गंधकाचं नाव कुणी घेतलं नाही ते बरंच. ३०० अंशांवर वितळलेलं सोडियम आणि वितळलेलं गंधक, मध्ये एक सिरॅमिकची भिंत. जपानने मात्र हे दशकानुदशकं चालवून दाखवलं. रोक्काशोच्या पवनचक्क्यांशेजारी २००८ पासून ३४ मेगावॉट. २०११ मध्ये त्सुकुबाला एक पेटली, सोडियम म्हटल्यावर पाणी मारायचीही सोय नाही. तरी मला तिच्याबद्दल माया वाटते. रोज वापरा, आपल्याच उष्णतेने गरम राहते. आठवडाभर नुसती ठेवा, हीटरच वीज खातो. असे सहकारी मी कचेरीतही पाहिलेत.

बेरीज-वजाबाकी

मूळ प्रश्नावर परत येतो, तास आणि फेऱ्या. आकडे निव्वळ गणितासाठी मानलेले आहेत, बाजारभाव समजू नका. व्याजही सोडून दिलंय.

समजा एलएफपीच्या एक किलोवॉट-तास साठवणुकीला १०,००० एकक लागतात. लोह-हवेला त्याच्या पाचवा हिस्सा, २,०००. आत घातलेल्या विजेचे किलोवॉट-तासाला ४ एकक. कार्यक्षमता एलएफपीची ८६ टक्के, लोह-हवेची ४०. आयुष्य दोघींचं वीस वर्षं.

रोज एक फेरी, म्हणजे ७,३०० फेऱ्या. बाहेर आलेल्या एका किलोवॉट-तासामागे एलएफपी: भांडवल १.४, वीज ४.६५, मिळून साधारण ६. लोह-हवा: भांडवल ०.३, पण वीज १०, मिळून १०.३. लोह-हवेचं पानिपत.

आता वर्षाला फक्त १५ फेऱ्या, एकूण ३००. एलएफपी: भांडवल ३३.३, वीज ४.६५, मिळून साधारण ३८. लोह-हवा: ६.७ आणि १०, मिळून १६.७. बाजी उलटली, आणि तीही निम्म्याहून कमी कार्यक्षमता असताना. व्याज धरलं तर दरी आणखी रुंदावते, कारण भांडवल जड होतं.

म्हणजे कार्यक्षमता ही रोज राबणाऱ्या बॅटरीची चिंता. क्वचित लागणाऱ्या बॅटरीत स्वस्त टाकी जिंकते.

रात्रपाळी

+१. हेच मला इतक्या नेमकेपणाने लिहिता आलं नसतं. फक्त दोन खोडे घालतो.

पहिला, एलएफपी 'वर्षाला १५ वेळाच' अशी कुणी ठेवत नाही. ती रोज कमावते आणि वादळाच्या अंदाजाला भरून ठेवता येते. म्हणजे तिच्या ३३.३ मधलं बरंचसं भांडवल रोजच्या फेऱ्यांनी आधीच फेडलेलं असतं. लोह-हवेला ही सोय कमी, कारण रिकामी व्हायलाच चार दिवस. दुसरा, शंभर तासांच्या बॅटरीतून १०० मेगावॉट हवे असतील तर १०,००० मेगावॉट-तासांची बॅटरी उभी करावी लागते. टाकी स्वस्त असली तरी तोटी फार बारीक.

शिवाय लोखंड गंजवणं सोपं, गंज परत लोखंड करणं कटकटीचं. चार्ज करताना काही वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात वाया जाते. हवेच्या इलेक्ट्रोडला ऑक्सिजन घेणं आणि सोडणं ही दोन विरुद्ध कामं. १९६०-७० च्या दशकांतही यावर काम झालं होतं आणि याच दगडांवर ठेचाळलं होतं.

मूक वाचक

बरेच महिने नुसता वाचतोय, आज खाते उघडलं. सोडियम-आयनबद्दल कुणीच काही म्हटलं नाही. चीनमध्ये हुबेई प्रांतात २०२४ मध्ये ५० मेगावॉट, १०० मेगावॉट-तासांची सुरू झाली ना? लिथियमच नको तर मग अडतंय कुठे?

रात्रपाळी

स्वागत! सोडियम-आयनचं मला कौतुक आहे. लिथियम नको, आणि ऋण बाजूला तांब्याचा पत्राही नको, कारण सोडियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही, दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं. थंडीत एलएफपीपेक्षा बरी वागते. शून्य व्होल्टपर्यंत रिकामी करून वाहून नेता येते, म्हणजे वाटेत पेटायची धास्ती नाही. आणि आलेख उतरता आहे, त्यामुळे माझी २०७ नंबरची रात्र टळली असती.

पण तोच उतार इन्व्हर्टरच्या मुळावर येतो. एलएफपीच्या माळेत ४१६ सेलच का? पूर्ण भरल्यावर सेलमागे ३.६ व्होल्ट धरले तर १,४९८ होतात, आणि उपकरणं १,५०० व्होल्टची. रिकामी होताना ती १,०४० पर्यंत उतरते. सोडियमचा सेल ४ व्होल्टपासून दीड व्होल्टपर्यंत खाली येतो. १,५०० मध्ये बसवायचे तर ३७५ सेल, आणि तळाशी व्होल्टेज ५६३. तेवढीच शक्ती द्यायची तर शेवटी सुरुवातीच्या जवळजवळ पावणेतीन पट प्रवाह. तारा, फ्यूज, इन्व्हर्टर सगळं त्या शेवटच्या भागासाठी जाड घ्यायचं, नाहीतर तळातली ऊर्जा तिथेच सोडून द्यायची. सेलमध्ये वाचवलेलं सेलच्या बाहेर खर्च होतं. आणि लिथियम स्वस्त झालं की सोडियमची धार बोथट होते. एलएफपी आज पुढे आहे ती कारखान्यांच्या संख्येमुळे, तिच्यात काही जादू आहे म्हणून नव्हे.

पंपचालू

शेवटच्या वाक्यावर माझी सही. आठ-दहा तासांच्या निविदांमध्येही आता एलएफपीच येतेय, नुसते जास्त कंटेनर मांडून. चिडचिड होते, पण आकडे दिसतात. मी अजूनही म्हणेन की दिवसाला दोन-दोन फेऱ्या, पंचवीस वर्षं, जागा मुबलक, असं काम आलं तर आम्हाला बोलवा.

नवखी

सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण तोटी-टाकी डोक्यात बसली. रात्रपाळी, त्या २०७व्या सेलचं पुढे काय झालं?

रात्रपाळी

एकटा सेल काढता येत नाही. १०४ सेलचा अख्खा पॅक फोर्कलिफ्टने बाहेर काढला. त्या जागी नवा बसवण्याआधी त्याचा चार्ज बाकीच्या माळेशी जुळवावा लागला, नाहीतर तोच नवा २०७ झाला असता. जुना पॅक स्टँडवर ठेवलाय, कशालाही न जोडता. पाळी सुरू झाली की मीटर लावतो. २०७वा सेल काल ३.२८३ व्होल्ट होता, आज ३.२८१. शेजारचा २०६ जिथल्या तिथे आहे. आतून स्वतःच झिरपतोय असं दिसतंय. अजून आठवडाभर मोजतो आणि इथेच आकडे टाकतो.